शेजारी देशांचे आर्थिक गट आणि बायकांची बरोबरी: करारांनी कोणाला खरंच काही मिळालंय का?

सातपुडा_पायथा (चोपडा)

नमस्कार मंडळी, एम.ए. अर्थशास्त्राला आहे आणि सेमिनारला विषय घेतलाय की शेजारी देश व्यापारासाठी जे गट करतात, म्हणजे युरोपियन युनियन, आफ्रिकेच्या दक्षिणेकडचा सॅडक, पश्चिमेकडचा इकोवास, आपला सार्क, हे गट स्त्री-पुरुष समानतेसाठी नेमकं करतात काय. वाचन बरंच झालंय पण जिथे बघावं तिथे जाहीरनामेच. सॅडकचंच घ्या, १९९७ ला जाहीर केलं की २००५ पर्यंत सत्तेच्या जागांवर ३० टक्के बायका, मग २००८ मध्ये जोहान्सबर्गला जेंडर प्रोटोकॉल, म्हणजे स्त्री-पुरुष समानतेचा करार, झाला त्यात २०१५ पर्यंत ५० टक्के, २०१५ आलं नि गेलं, २०१६ ला प्रोटोकॉलच दुरुस्त केला. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, मोझांबिकच्या संसदेत ४० टक्क्यांच्या आसपास बायका आहेत हे खरं, पण तिथे पक्ष उमेदवारांची यादी देतो आणि मतांच्या प्रमाणात यादीवरून जागा मिळतात, पक्षाने मनावर घेतलं की बायकांची संख्या वाढते. बोट्स्वानात आपल्यासारखे मतदारसंघ आहेत, तिथे बायका फारच कमी निवडून येतात. मग यात गटाचा वाटा किती आणि त्या त्या देशाचा किती?

मला दोन गोष्टी कळत नाहीयेत. एक म्हणजे जकात आणि मालाची ने-आण बघायला जमलेले देश बायकांच्या पगारात का पडतात, त्यांना काय गरज? आणि दुसरं, या सगळ्यातून एखाद्या बाईला, म्हणजे खरोखरच्या एका बाईला, काही मिळाल्याचं उदाहरण आहे का?

विषय मी मुद्दाम घेतलाय. आमच्याकडे केळीच्या बागेत गड्याचा रोज वेगळा आणि बाईचा वेगळा, आणि हे इतकं अंगवळणी पडलंय की कोणी विचारतसुद्धा नाही. माझी आई निंदणीला जाते, मोठ्या मावश्या जातात, सगळ्यांना ते पावसाळ्यात पाऊस पडतो तसं वाटतं. मला तसं वाटत नाही.

तापीकाठचा_वाचक (भुसावळ)

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर १९५७ मध्ये आहे आणि ते वाचून मी स्वतः चकित झालो होतो. २५ मार्च १९५७ ला रोममध्ये सहा देशांनी युरोपीय आर्थिक समुदायाचा करार केला, त्यात कलम ११९ असं की समान कामाला बाई आणि पुरुष दोघांना समान पगार. आता हे कलम आलं कुठून? बायकांच्या कळवळ्यातून आलेलं नाही. फ्रान्समध्ये समान पगाराचा नियम आधीच होता, आणि फ्रान्सला धास्ती पडली की उद्या सीमा उघडल्या, जकात गेली, की शेजारच्या देशातले कापड गिरणीवाले बायकांना कमी पगारावर राबवून माल स्वस्तात विकतील आणि आमच्या गिरण्या बसतील. म्हणून फ्रान्सने आग्रह धरला की नियम सगळ्यांनाच लागू करा.

म्हणजे गरज तिथे आहे. एकत्र बाजार केला की सगळ्यात कमी मजुरी देणारा बाकीच्यांनाही खाली ओढतो, आणि बायकांची मजुरी हीच सगळीकडे कमी असते. एकट्या देशाने चांगलं वागायचं ठरवलं तर त्याला शिक्षा झाल्यासारखं होतं. त्यामुळे हे काम गटानेच करायचं असतं, आणि माझ्या मते तुमच्या सेमिनारचा कणा हाच ठेवा.

पण कलम लिहून झालं आणि पुढची किती वर्षं ते नुसतं पडून राहिलं! कुठल्याच सरकारला घाई नव्हती. ते जागं केलं बायकांनी. १९६६ साली बेल्जियममध्ये हेर्स्टाल गावच्या शस्त्रांच्या कारखान्यातल्या सुमारे तीन हजार कामगार बायका संपावर गेल्या, कित्येक आठवडे, आणि त्यांनी कलम ११९ चं नाव घेऊन समान पगार मागितला. त्यानंतर तिथलीच एक हवाई सुंदरी, गॅब्रिएल डेफ्रेन, सबेना या विमान कंपनीत होती. तेच काम करणाऱ्या पुरुष स्टुअर्टपेक्षा तिला पगार कमी, आणि वर ४० वर्षं पूर्ण झाली की बायकांची नोकरी संपली, पुरुषांची नाही. तिची १९६८ ला संपवली. एलियान व्होगेल-पोल्स्की नावाच्या वकीलबाईंनी तिची केस लढवली आणि ८ एप्रिल १९७६ ला युरोपीय न्यायालयाने सांगितलं की कलम ११९ हे देशांनी देशांना दिलेलं नुसतं वचन नाही, कुठलीही बाई आपल्या देशाच्या कोर्टात ते थेट दाखवू शकते, मालक खासगी असला तरी.

आता दुसरी बाजू पण सांगतो. त्याच निकालात कोर्टाने म्हटलं की मागची थकबाकी फक्त ज्यांनी आधीच दावे लावलेत त्यांनाच, कारण नंतर गटात आलेल्या ब्रिटन आणि आयर्लंडच्या सरकारांनी खर्चाची फार भीती घातली होती. आणि ४० व्या वर्षी घरी पाठवण्याचा मुद्दा डेफ्रेन १९७८ मध्ये हरली, कोर्ट म्हणालं ११९ मध्ये पगार येतो, नोकरीच्या बाकीच्या अटी येत नाहीत. त्या अटींसाठी १९७६ मध्ये वेगळा नियम करावा लागला. तरी तुमच्या 'खरोखरच्या एका बाई'साठी हिच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

केळीवाला_यावल

मी शेतकरी आहे, आठ एकर केळी आणि थोडा कापूस. ताईचा प्रश्न वाचला आणि वाटलं की आपलीही बाजू लिहावी, कारण अशा चर्चेत बागायतदार म्हणजे शोषण करणारा असं धरूनच चालतात.

तापीकाठ भाऊंनी फ्रान्सचं जे लिहिलं ते मला अगदी जवळचं वाटलं. आमच्या गावात चार-पाच जणांनी ठरवून बायकांचा रोज वाढवून बघितला होता, तर झालं काय, ज्यांनी वाढवला नाही ते शेजारच्या गावाहून टेम्पो भरून बायका आणायला लागले, तिकडून नाही मिळाल्या तर सातपुडा ओलांडून मध्य प्रदेशातून मुकादम मजूर आणतोच. आमचा खर्च वाढला आणि मंडीत केळीला भाव तर सगळ्यांना बोर्डावर जाहीर होतो तोच. पुढच्या हंगामात आम्हीही मागे आलो. याचं वाईट वाटतं पण एकट्याने रेटायची गोष्ट नाही ही.

आणि दुसरं स्पष्ट बोलतो. कामं सारखी नाहीत. केळीचा घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत आणणं, गाडी भरणं हे गडी करतो. बाई निंदते, पिलं म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारे कोंब कापते, खत टाकते. 'समान काम समान दाम' म्हणायचं तर काम समान कुठे आहे? कापूस वेचणी किलोवर असते तिथे कोणी भेद करत नाही, उलट बायकाच जास्त कमावतात. हे कोणी समजावून सांगेल का, वाद घालायचा म्हणून विचारत नाहीये.

वकील_धुळे

केळीवाला दादा, तुमचा प्रश्न अगदी नेमका आहे, जगभरात मालकांनी हाच मुद्दा मांडला आणि त्यावरच सगळा कायदा पुढे सरकला. 'समान काम' एवढंच धरलं तर मालकाने बायकांना एक काम आणि पुरुषांना दुसरं काम वाटून दिलं की कायदा संपला. म्हणून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९५१ च्या १०० नंबरच्या करारातच 'समान मूल्याचं काम' असं धरलंय, म्हणजे कामं वेगळी असली तरी त्यांचं मोल सारखं असेल तर दाम सारखा. युरोपने १९७५ मध्ये तेच नियमात आणलं. आपल्याकडे १९७६ चा समान वेतन कायदा आला त्यात मात्र 'तेच काम किंवा तशाच स्वरूपाचं काम' इतकंच होतं, २०२५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या वेतन संहितेतही तेवढंच आहे, आणि तुमच्या बागेतली निंदणारी बाई त्या फटीतून खाली पडते. भारताने तो १०० नंबरचा करार १९५८ मध्ये मंजूर केलाय हे लक्षात ठेवा.

गटाने देशाला कसं हलवलं याचं उदाहरण याच मुद्द्यावर आहे. ब्रिटनचा १९७० चा समान पगार कायदा आपल्यासारखाच अपुरा होता. १९८२ मध्ये युरोपीय न्यायालयाने ब्रिटनला सांगितलं की तुमच्या कायद्यात समान मूल्याच्या कामाची सोय नाही, ती करा. ब्रिटन सरकारला ते आवडलं नव्हतं, पण नियम बदलावे लागले. मग बर्कनहेडच्या जहाजबांधणी यार्डातल्या कँटीनमधली स्वयंपाकीण ज्युली हेवर्ड, तिने दावा लावला की माझं काम रंगारी, सुतार आणि पाइपांना इन्सुलेशन करणाऱ्या कारागिराइतकंच मोलाचं आहे, आणि १९८८ मध्ये ती ब्रिटनच्या सर्वोच्च पातळीवर जिंकली. स्वयंपाक आणि सुतारकाम! ब्रिटनच्या संसदेने आपणहून हे केलं नसतं.

@सातपुडा_पायथा, आफ्रिकेकडेही या नजरेने बघा की बाईला स्वतः जाता येईल असं कोर्ट गटाकडे आहे का. इकोवासच्या न्यायालयात २००५ पासून सामान्य माणूस थेट जाऊ शकतो, आधी आपल्या देशातली सगळी कोर्टं पालथी घालायची अटसुद्धा नाही. नायजर देशातली हादिजातू मानी, १२ व्या वर्षी विकली गेलेली, कित्येक वर्षं गुलाम म्हणून राबवलेली. सुटून तिने दुसऱ्याशी लग्न केलं तर आधीच्या मालकाने ती माझी बायको आहे म्हणून तक्रार केली आणि तिलाच दोन नवरे केल्याबद्दल तुरुंगात टाकलं. नायजरमध्ये २००३ पासून गुलामी गुन्हा होता, म्हणजे कायदा होता आणि तरीही हे झालं. २७ ऑक्टोबर २००८ ला इकोवास न्यायालयाने नायजर सरकारला जबाबदार धरलं, १ कोटी सीएफए फ्रँक (तिथलं चलन) भरपाई द्यायला लावली, आणि ती दिली गेली. सिएरा लिओनमध्ये गरोदर मुलींना शाळेत येऊ देत नव्हते, २०१५ पासून. डिसेंबर २०१९ मध्ये याच न्यायालयाने ती बंदी भेदभावाची ठरवली आणि मार्च २०२० मध्ये सरकारने उठवली.

आता सॅडक. त्यांचंही न्यायाधिकरण होतं, नामिबियात विंडहुकला. २००८ मध्ये त्याने झिम्बाब्वे सरकारच्या विरोधात, जमिनी काढून घेतलेल्या शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. झिम्बाब्वेने तो मानला नाही आणि २०१० मध्ये राष्ट्रप्रमुखांनी मिळून न्यायाधिकरणच थांबवलं. म्हणजे जेंडर प्रोटोकॉल २०१३ मध्ये अमलात आला तेव्हा तो घेऊन जायला दारच उरलं नव्हतं. त्या प्रकरणाचा बायकांशी काही संबंध नव्हता तरी फटका त्यांनाही बसला. तुम्ही टार्गेटांची टक्केवारी मोजताय, मी तुमच्या जागी असतो तर दारं मोजली असती. (तेही कायमचं नसतं, नायजर, माली आणि बुर्किना फासो जानेवारी २०२५ मध्ये इकोवासमधून बाहेर पडले, तिथल्या बायकांचं ते दार आता बंद.)

नंदुरबारी_दारेसलाममध्ये

वकील साहेबांचं पटलं पण सगळं कोर्टावर सोडू नका. मी इकडे टांझानियात व्यापाराच्या निमित्ताने बरीच वर्षं आहे, केनियाच्या सीमेवर येणंजाणं असतं. सीमेवर मका, बीन्स, टोमॅटो, कापड घेऊन जाणाऱ्या बहुतेक बायकाच, आफ्रिकेत अशा छोट्या सीमापार व्यापारात साधारण ७० टक्के बायका आहेत असं सांगितलं जातं आणि डोळ्यांनाही तसंच दिसतं. या बाईला केस लढायची नसते, तिला दुपारपर्यंत माल पलीकडे न्यायचा असतो.

पूर्व आफ्रिकी समुदायाने, म्हणजे केनिया-टांझानिया वगैरे देशांच्या गटाने, एक साधी गोष्ट केली, २००० डॉलरपर्यंतचा माल असेल आणि तो समुदायातल्या देशांतच पिकलेला किंवा बनलेला असेल, तर सीमेवरच एक सोपा दाखला मिळतो आणि आयात शुल्क लागत नाही. कोमेसा म्हणून आफ्रिकेतला जो मोठा गट आहे त्यांनीही छोट्या व्यापाऱ्यांसाठी अशीच सोपी पद्धत आणि सीमेवर माहिती देणारे डेस्क केले. कागदावर यात बाई हा शब्दही नाही, तरी बायकांच्या पदरात इथे जेवढं पडलं तेवढं जाहीरनाम्यांतून पडलेलं मी तरी पाहिलं नाही.

पण अडतं कुठे तेही सांगतो. पुष्कळ जणींना हा दाखला आहे हेच माहीत नसतं. मग मधला दलाल सांगतो मी करून देतो आणि शुल्काइतकेच पैसे काढतो. नाहीतर चोरवाटेने जायचं, तिथे माल जप्त व्हायची भीती, पैसे उकळणारे, आणि बाईमाणसाला त्याहून वाईट गोष्टींची भीती. माझ्या ओळखीच्या भाजीवाल्या बायकांनी गट केला, एकीने नियम पाठ केले आणि बाकीच्यांना शिकवले, तेव्हापासून त्या खिडकीवर ताठ उभ्या राहून दाखला मागतात. नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्यांवर देठ खुडणाऱ्या बायका आठवतात मला, त्यांच्यातही अशी एखादी नियम पाठ असलेली हवी असं नेहमी वाटतं.

अमळनेरची_सुलू

मी बचत गटांचं काम करते, सार्कबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्या अहिराणीत सांगायचं तर बठ्ठं कागदवरच शे, म्हणजे सगळं कागदावरच आहे. सार्क १९८५ ला ढाक्यात सुरू झालं, १९९१ ते २००० हे बालिका दशक म्हणून पाळलं, जानेवारी २००२ मध्ये काठमांडूला बायका-मुलांच्या वेश्याव्यवसायासाठी होणाऱ्या तस्करीविरुद्ध करार झाला, तो महत्त्वाचा आहे मी नाही म्हणत नाही. पण सनदेतच लिहिलंय की निर्णय एकमताने आणि दोन देशांमधले वादाचे विषय काढायचेच नाहीत. न्यायालय तर नाहीच. २०१४ ला काठमांडूला शिखर बैठक झाली त्यानंतर एकही झालेली नाही. आणि आपसातला व्यापारच एकूण व्यापाराच्या ५ टक्क्यांच्या आसपास, मग फ्रान्सला जी धास्ती वाटली ती इथे कोणाला वाटणार? व्यापारच नाही तर शेजारच्या देशातली बाई किती मजुरीवर शिवते याची फिकीर कोण करेल. मला यातच सार्कचं उत्तर दिसतं.

त्यातल्या त्यात चांगलं म्हणजे साबाह. इला भट्टांनी १९७२ ला अहमदाबादला सुरू केलेल्या 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेच्या अनुभवावर, सार्क विकास निधीच्या पैशातून, घरी बसून भरतकाम-शिवणकाम करणाऱ्या बायकांना एकत्र करून त्यांचा माल त्यांच्याच मालकीच्या संस्थेमार्फत विकायचा असा कार्यक्रम सार्क देशांत उभा केला. दलाल मधून काढला की बाईच्या हातात जास्त पडतं, हे आम्ही गटात रोज बघतो.

आणि सातपुडा ताई, सेमिनारमध्ये आपल्या रोजगार हमीला विसरू नका. १९७२ च्या दुष्काळापासून महाराष्ट्रात खडी फोडणाऱ्या बाईला आणि पुरुषाला कामाच्या मापावर एकच दर. आमच्या आजीच्या पिढीने समान मजुरी पहिल्यांदा पाहिली ती त्या कामावर. पुढे केंद्राच्या रोजगार हमीतही निम्म्याहून जास्त मनुष्यदिवस बायकांचे भरत आले ते काय उगीच?

सातपुडा_पायथा (चोपडा)

सगळ्यांचे खूप आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. आता मांडणी बदलते. टार्गेटांचा भाग एका स्लाइडवर आणते आणि बाकी वेळ डेफ्रेन, हेवर्ड आणि हादिजातू मानी यांना देते. सुलूताई, व्यापार कमी म्हणून धास्ती कमी हा मुद्दा तुमच्या नावाने मांडला तर चालेल ना?

एक शंका राहिली. युरोपात इतके निकाल, इतके नियम, तरी तिथे बायकांची सरासरी ताशी कमाई पुरुषांपेक्षा अजून सुमारे १२ टक्के कमी आहे. मग हे सगळं पुरेसं नाही असंच ना? सर हा प्रश्न नक्की विचारतील.

वकील_धुळे

विचारू देत, उत्तर सरळ द्या की पुरेसं नाही आणि ते त्यांनाही माहीत आहे. बाईला शेजारच्या टेबलावरच्या पुरुषाचा पगारच माहीत नसेल तर ती दावा कशाच्या जोरावर लावणार? म्हणून २०२३ मध्ये पगार उघड करण्याचा नियम केला. नोकरीला अर्ज करणाऱ्याला पगार किती ते किती मिळेल हे आधी सांगायचं, आधीच्या नोकरीत किती मिळत होतं हे विचारायचं नाही, १०० आणि त्यावर कामगार असलेल्या कंपन्यांनी बायका-पुरुषांच्या पगारातली तफावत जाहीर करायची, आणि ती ५ टक्के किंवा जास्त निघाली, तिचं समर्थन देता आलं नाही आणि ती दूरही केली नाही, तर कामगार प्रतिनिधींसोबत बसून पगार तपासायचा. सदस्य देशांना आपापल्या कायद्यात हे आणायला ७ जून २०२६ ची मुदत दिलेली आहे. आणि कंपन्यांच्या संचालक मंडळात बायका हव्यात हा नियम २०१२ ला मांडला तो २०२२ ला मंजूर झाला, दहा वर्षं काही देशांनी अडवून धरला होता, हेही सांगा, नाहीतर युरोप म्हणजे सगळं आलबेल असं वाटेल पोरांना.

केळीवाला_यावल

वकील साहेब, त्या स्वयंपाकिणीचं डोक्यातून जात नाहीये. तिचं काम आणि सुताराचं काम यांचं मोल कोणी आणि कसं मोजलं? कारण तसं मोजता येत असेल तर निंदणीचं आणि घड वाहण्याचं पण मोजता येईल. आमच्या फळ उत्पादकांच्या गटात दहा-बारा गावचे लोक आहेत, एकट्या गावाने जमलं नाही पण सगळ्या गावांनी मिळून एकच दर ठरवला तर टेम्पो आणायला कोणाला गावच उरणार नाही. दिवाळीआधी बैठक आहे त्यात मी हा विषय काढणार.

वकील_धुळे

दादा, कोर्टाने स्वतंत्र तज्ज्ञ नेमला होता. त्याने प्रत्येक काम पाच बाजूंनी तपासलं: अंगमेहनत किती, कुठल्या वातावरणात काम करावं लागतं, आखणी आणि निर्णय किती घ्यावे लागतात, कसब आणि माहिती किती लागते, आणि जबाबदारी किती. स्वयंपाकीण त्यात पुरुषांच्या बरोबरीला आली. निंदणीला लावून बघा, दिवसभर वाकून बसणं, उन्हात, ओल्यात, बागेतल्या डासांत, तण आणि पीक ओळखण्याची नजर. घड वाहण्यात वजन जास्त पण ते कापणीच्या दिवसांपुरतं, आणि गडी रोज घड वाहत नाही तरी त्याची मजुरी रोजच जास्त असते, हे बैठकीत नक्की मांडा. आणि मोजणी करताना त्या बायकांना समोर बसवा, त्यांच्याशिवाय करू नका. मी तक्ता मराठीत करून इथेच टाकतो या आठवड्यात.

अमळनेरची_सुलू

तक्ता टाका साहेब, मलाही हवाय. केळीवाला दादा, बैठक कोणत्या गावाला आहे ते कळवा, आमच्या गटाच्या दोघी-तिघी यायला तयार आहेत. आणि सातपुडा ताई, तुमच्या आईला पण घेऊन या.